ओसरीतून सांगितलेले आकडे

नव्या ठेकेदाराच्या माणसानं आम्हा चौकीदारांना गोदामाच्या फाटकाशी उभं केलं आणि सांगितलं, आजपासून हजेरीचं रजिस्टर बंद. हजेरी मोबाइलवर लागेल, ड्युटी मोबाइलवर येईल, सुट्टी मोबाइलवरच मागायची. कंपनीनं प्रत्येकाच्या नावानं मेल काढून ठेवला आहे, तो ज्यानं त्यानं आपल्या मोबाइलात चालू करून घ्यायचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत ज्याचा मेल चालू होणार नाही, त्याला सोमवारपासून ड्युटी नाही.

"काका, तुमी घरूनच करून आणा," तो मला म्हणाला. वयानं माझ्या पोरापेक्षा लहान, पण सुपरवायझर. "घरी कोणी शिकलेलं आहे ना?"

"आहे. सून मास्तरीण आहे."

"मंग झालं. दोन मिनिटाचं काम."

त्यानं एक चिठ्ठी हातात दिली. तिच्यावर मेलचा पत्ता, पहिल्यांदा टाकायचा पासवर्ड आणि अडचण आली तर लावायचा नंबर. मी चिठ्ठी टोपीत ठेवली. दोन मिनिटांचं काम आहे असं मला जन्मात पुष्कळांनी सांगितलं. ते काम करायला त्यांच्यातला एकही जण घरी आला नाही.

आमचं गाव सेलू तालुक्यात, हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्याला. गोदाम सडकेवर. कापसाच्या गाठी, सरकी, हंगामात सोयाबीन. मी तिथं दिवसपाळीचा चौकीदार. ठेकेदार किती आले, किती गेले, मी फाटकावरच. चौथी शिकलो आहे. ट्रकचा नंबर वाचतो, लिहितो, सही करतो. त्यापलीकडे कधी अडलं नव्हतं.

आता सुनेचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या घरी सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण म्हणून नाही, रीत म्हणून. मी आत जाताना खोकतो. ती खुर्चीवर बसली असेल तर उठते, पदर डोक्यावर घेते, बाजूला होते. वस्तू हातोहात द्यायची नाही. तिनं ताट ठेवायचं, बाजूला व्हायचं, मग मी घ्यायचं. आणि सासऱ्याचं नाव तिनं तोंडातून काढायचं नाही. हे काही मी काढलेलं नाही. माझी बायकोही माझ्या बापाशी कधी बोलली नाही. बाप अंथरुणाला लागला तेव्हासुद्धा ती पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून दाराआड व्हायची, मग तो हात लांब करायचा. पोरगा म्हणतो, बाबा, हे आता कोणी पाळत नाही. नसतील पाळत. गावात पाहतो मी, सुना सासऱ्याला चहा हातात देतात, चेष्टा करतात. ज्याचं त्याचं घर.

सून शाळेत शिकवते. सकाळच्या बसनं जाते, वर्गभर पोरांवर आवाज चढवते, असं बायको सांगते. तो आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकलेला. पोरगा पुण्याला कंपनीत. ती इथली नोकरी सोडायला तयार नाही, म्हणून आमच्याजवळ राहते. पोरीत खोट काही नाही.

तरी मी घरी असलो की घर अवघडतं. मागच्या उन्हाळ्यात ताप येऊन काही दिवस घरी होतो, तेव्हा समजलं. शाळेला सुट्ट्या, सून दिवसभर घरी. पंखा ओसरीत, टीव्ही ओसरीत, आणि ओसरीत मी. ती त्या उकाड्यात डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात बसून राहायची. दोघी बोलायच्या तर कुजबुजत. शेवटी बायको माझ्या खाटेजवळ येऊन म्हणाली, "बरं वाटून राह्यलं काय? मंग जरा पारावर जाऊन बसता काय?" मी ताप अंगात घेऊन पारावर जाऊन बसलो. त्या दिवशी ठरवलं, पाय चालतात तोवर ड्युटी सोडायची नाही. पोराचे पैसे येतात, पोटासाठी जात नाही मी. मी सकाळी निघालो की लिंबाच्या झाडापर्यंत पोचायच्या आत मागं टीव्हीचा आवाज वाढतो, दोघी हसतात. ते ऐकत कामावर जायचं, अशी सवय झाली आहे. ड्युटी गेली तर त्या घराचं काय व्हायचं, ते मला माहीत होतं.

शनिवारी त्या कामासाठी घरी राहिलो, शाळेलाही सुट्टी होती. सकाळी पोराला फोन लावला. त्याचा जुना मोठा मोबाइल त्यानं दिवाळीत नेटचं कार्ड घालून मला देऊन ठेवला होता, तो कपाटात फडक्यात गुंडाळून होता.

"बाबा, मी इथून कसा करू? मोबाइल तुमच्या हातात. तिले द्या, ती करते."

"तुह्या आईले सांगतो."

"आईले कायले? आई बटन दाबन काय?"

"आई तिले सांगन."

मग म्हणाला, "तुमचं तुमी पाहा."

म्हटलं, पाहतो. आधी स्वतःच करून पाहिलं. ओसरीत बसलो, चष्मा लावला, फडकं सोडलं, बोट लावलं. माझी बोटं कोरडी, काचेला समजतच नाहीत. बोट जिभेला लावून पुन्हा टेकवलं तर कुठं काय दाबलं गेलं देव जाणे, एक बाई जोरात गाणं म्हणायला लागली. थांबेना. इकडं दाबलं, तिकडं दाबलं. शेवटी मोबाइल उशीखाली घातला आणि वर बसलो. आत दोघी गप्प झाल्या होत्या. हसू दाबत होत्या, हे मला भिंतीतूनही दिसत होतं.

दुपारी मोबाइल आणि चिठ्ठी मधल्या दाराच्या उंबरठ्यावर ठेवली आणि बायकोला हाक मारली. "अवं, तिले सांग, कंपनीचा मेल चालू करायचा आहे. आज संध्याकाळपर्यंत."

मधलं दार उघडं होतं. माझा शब्द न् शब्द सुनेला ऐकू गेला. तरी बायको आत गेली आणि तेच तिला बोलली. सून काय म्हणाली ते मलाही ऐकू आलं. तरी बायको बाहेर येऊन सांगेपर्यंत मी थांबलो.

"ती म्हणते, करून देतो. पण तुमच्या बटनाच्या मोबाइलवर नंबर येईन. तो लवकर सांगा लागते. नाई सांगितला तर मरते म्हणे."

"कोण मरते?"

"नंबर."

अडचण इथंच होती. कंपनीकडे माझा जुना नंबर लिहिलेला. तो जुन्या बटनाच्या मोबाइलात. त्याचं कार्ड मोठं, नव्यात बसत नाही. ते बदलून आणायला सेलूला जावं लागतं, आणि शनिवारी ते दुकान बंद. जुन्या मोबाइलची बॅटरी गेलेली. चार्जरची वायर लावून, ती एका बाजूला दाबून धरली तरच तो जिवंत राहतो, आणि ती कशी दाबायची ते मलाच जमतं. सॉकेट एकच धड, ते ओसरीत. नव्या मोबाइलला नेट पकडायचं तर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशीच. तेव्हा मी ओसरीत भिंतीला पाठ लावून वायर दाबून बसलो, सून मागच्या दाराशी खाली बसली, आणि बायको मधल्या मधे फिरत राहिली.

आतून सुनेचा आवाज आला. चिठ्ठी वाचत वाचत टाकत होती. "आई, आधी यांचं नाव. मग टिंब. मग आडनाव. मग कंपनीचं." नाव बोटानं लिहिलं तिनं, तोंडानं घेतलं नाही. मला बरं वाटलं.

जुना मोबाइल वाजला. नंबर आला. मी बायकोला हाक मारली.

"सांग तिले. चार, शून्य, सात."

"चार, शून्य, सात," म्हणत ती निघाली.

"थांब! अजून आहे. सात."

"सात तर झाला."

"दोनदा सात आहे."

"दोनदा कायले?"

"मी ठेवला काय तो? सात, सात, एक, नऊ."

ती आत जाऊन म्हणाली, "चार, शून्य, सात, सात, सात…" आणि तिथंच दूध उतू गेलं. दूध उतरवून, चूल पुसून ती परत आली. "मंग काय होतं?" तोवर नंबर मेला होता.

दुसरा नंबर आला. या वेळी बायकोनं पाठ करत नेला, पण दारात शेजारची ताक मागायला आली. तिला ताक देईस्तोवर तोही गेला. तिसऱ्या वेळी तिनं पहिल्या नंबरचे दोन आकडे यात मिसळले. चौथ्या वेळी नंबर आलाच नाही. सून आतून काही बोलली आणि बायको दारात येऊन उभी राहिली. तिचेही पाय भरून आले होते.

"बंद झालं म्हणे. कुलूप लागलं. आता कंपनीले फोन करा लागते."

"मंग करा."

"तिच्या मोबाइलवरून लावते म्हणे ती."

माझा अंगठा वायरीवर बधिर झाला होता. ऊन अंगणातून सरकून कुंपणाला गेलं होतं. त्या नंबरवर आधी गाणं लागलं, ते पुष्कळ वेळ लागलं. सुनेनं आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं. मग एक पोरगी बोलली, गोड आवाजात. काय अडचण आहे ते सुनेनं तिला सांगितलं. नीट सांगितलं, शाळेतल्यासारखं.

"ठीक आहे मॅडम. कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

मग काही नाही. मला वाटलं, नेट गेलं.

"हॅलो? मॅडम, नाव?"

बायकोची कुजबुज ऐकू आली. "सांग ना वं."

"मी कशी सांगू आई? तुम्ही सांगा."

"मी? मी लगनात घेतलं तेवढंच. उखाणा घेऊ काय तिच्यापुढं?"

"हॅलो? नावाशिवाय मी खातं उघडू शकत नाही. हॅलो?" आणि ती गेली.

मी वायर दाबून तसाच बसलो. सून शिकलेली. तिनं नाव घेतलं असतं तर मी काय करणार होतो? ओसरीतून उठून तिचं तोंड धरणार होतो काय? बायको तरी काय करणार होती? पण मी इथं बसलो होतो, ऐकत होतो, म्हणून तिनं घेतलं नाही. आपल्या घरची रीत कोणी इतकी पाळतं तेव्हा छाती फुगायला पाहिजे. मला नुसता शीण आला. अंगातलं सगळं कोणी काढून घ्यावं तसा. वाटलं, जाऊ द्या. नाही तर नाही. सोमवारपासून बसू पारावर.

मग तो मागचा उन्हाळा आठवला. पार आठवला, तिथले रिकामटेकडे म्हातारे आठवले, दुपारी चारला आता घरी जावं की अजून थोडं बसावं हा विचार करणारे. मी म्हटलं, "अवं! तिले म्हण, पुन्हा लाव."

पुन्हा गाणं. पुन्हा पोरगी, दुसरी कोणी. पुन्हा तेच. "कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव?"

मी ओसरीतून ओरडलो. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. इतक्या मोठ्यानं की सडकेपलीकडचा म्हातारा कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"काय झालं बावा? काऊन ओरडून राह्यले?"

"काई नाई. मेल चालू करून राह्यलो."

"ऐकू आलं," ती पोरगी फोनमधून म्हणाली. "जन्मतारीख?"

तीही ओरडलो. शाळेत मास्तरानं लिहिली होती तीच. खरी माझ्या मायलाही ठाऊक नव्हती.

"खातं उघडलं आहे. आता नंबर पाठवते. लाइनवर राहा आणि लगेच टाका."

जुना मोबाइल वाजला. बायको धावत ओसरीत आली, हात पुढं करून, जसा काही तो नंबर ओंजळीत न्यायचा होता. मी तिला हातानं बाजूला केलं. मधल्या दारातून थेट आत पाहिलं. मागच्या दाराच्या उजेडात ती बसली होती, पाठमोरी, मोबाइलवर वाकून. तिला काय म्हणून हाक मारायची, ते मला माहीत नव्हतं. कधी मारलीच नव्हती.

"लिहिजो माय," मी म्हटलं. "पाच!"

तिची मान वर झाली. वळली नाही. मग आवाज आला.

"हो."

"दोन!"

"हो."

"आठ!"

"हो."

"पुन्हा आठ! दोनदा आहे."

"हो. दोनदा."

"शून्य! तीन!"

"हो. हो." मग थोडं थांबून, "झालं, मामाजी."

मी वायर सोडली. जुना मोबाइल लगेच मेला. अंगठ्यावर वायरीचा खड्डा पडला होता. बायको मधे उभी राहून एकदा इकडं, एकदा तिकडं पाहत होती. तिच्या हातातलं काम कोणी काढून घेतल्यासारखी.

"आता तर जेऊ घाला," मी म्हटलं.

"अजून आहे म्हणे," बायको म्हणाली. जुन्या सवयीनं तिनं ते आतून ऐकून मला सांगितलं. "फोटो पाह्यजे. आत्ताचा. जुना चालत नाई."

बायकोनं मोबाइल घेतला आणि माझ्याकडं धरला. पहिला फोटो छताचा निघाला. दुसरा तिच्याच बोटाचा. तेव्हा सून मधल्या दारात आली. डोक्यावर पदर, पदराची कडा दातात. बायकोकडून मोबाइल घेऊन तो दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. म्हणजे माझ्याकडं पाहायचं होतं ते तिला त्या काचेतूनच.

"मामाजी, इकडे पाहा."

मी पाहिलं. दिवसभरात इतका थकलो होतो की नीट बसायचंही राहिलं.

"टोपी…" ती म्हणाली आणि थांबली.

"काय टोपी?"

"वाकडी आहे."

"राहू दे. काढ."

तिनं काढला. मोबाइल उंबरठ्यावर ठेवला, आत गेली. मी उचलला.

रविवारी संध्याकाळी ड्युटी आली. इंग्रजीत होती. सुनेनं आतून वाचली, बायकोनं बाहेर येऊन सांगितली. दिवसपाळी, तेच फाटक. सोमवारी सकाळी डबा घेऊन निघालो. लिंबापर्यंत पोचायच्या आत मागं टीव्ही लागला. मग बायकोचा आवाज आला, माझी नक्कल करणारा. "दोनदा सात! मी ठेवला काय तो?" आणि सुनेचं हसणं, मोकळं. मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर गप्प झाल्या असत्या.

तो मेल काही दिवसांनी आपोआप बंद पडतो आणि पुन्हा नंबर मागतो. कार्ड अजून बदललेलं नाही, सेलूला जायला वेळ मिळत नाही, असं मी म्हणतो. तेव्हा मी पुन्हा ओसरीत वायर दाबून बसतो, ती मागच्या दाराशी, आणि मी आकडे सांगतो. ती हो म्हणते. बायको मधे खाली बसून शेंगा सोलते. तेवढंच बोलणं. बाकी सगळं आहे तसंच आहे. मी खोकूनच आत जातो. ती उठतेच. ते मी सोडणार नाही आणि कोणी सोडा म्हणूही नये.

फाटकावर सकाळी हजेरी लावायला मोबाइल उघडला की आधी तो फोटो येतो, गोल, रुपयाएवढा. डोळे ओढलेले, तोंड अर्धं उघडं. सुपरवायझरनं एकदा हातात घेऊन, दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"काका, बदलून घ्या हा. टोपी वाकडी आहे. अन् चष्म्याच्या काचेत कोणीतरी उभं दिसून राह्यलं."

"सून आहे ते," मी म्हटलं.

"मंग तिच्याकडूनच दुसरा काढून घ्या. चांगला."

"राहू दे," मी म्हटलं. "पुन्हा कोण बसते तेवढं."

आणि ट्रक आला होता, मी फाटक उघडायला गेलो.